चार तोळ्यांचा एक गोळा

मूल सकाळपासून रडत होतं आणि मी पंचनामा लिहीत होतो.

"पूरे चार तोळे, साहेब," नथ्थू जमादाराने तराजू माझ्या नाकासमोर धरला. "गुंजभरही कमी नाही."

नथ्थूचा चेहरा नवरदेवासारखा फुलला होता. कोपऱ्यात भिंतीला टेकून एक बाई बसली होती आणि तिच्या मांडीवर सात-आठ महिन्यांची पोर कर्कश रडत होती. इतक्या आवाजात धड वाक्यही सुचत नव्हतं. मी भराभर लिहून मोकळा झालो. 'आरोपी बाईच्या कमरेच्या पिशवीत अफूचा एक गोळा, वजन चार तोळे, मिळाला.' दोन पंचांनी अंगठे उठवले. मी सही केली. नथ्थूने गोळा फडक्यात बांधून लाखेचं सील मारलं. एवढं सगळं होईपर्यंत मी त्या बाईला एकही प्रश्न विचारला नव्हता. या प्रकरणातली पहिली चूक माझी होती, हे आधीच कबूल करतो.

आता थोडं समजावून सांगायला हवं. तेव्हा बऱ्हाणपूर सीपीत, म्हणजे मध्य प्रांतात होतं. दारू, गांजा, अफू सगळं अबकारी खात्याकडे असे आणि मी तिथला सब-इन्स्पेक्टर होतो. अफूवर बंदी नव्हती, उलट सरकारच ती लायसन्सच्या दुकानातून विकत असे. गुन्हा दोनच गोष्टींचा व्हायचा. एक, माळव्यातल्या संस्थानांतून चोरून आणलेली अफू बाळगणं. दुसरी, दुकानातून घेतलेली का असेना, एका माणसाने एका तोळ्याहून जास्त जवळ ठेवणं. थोडक्यात, सरकारने विकायची आणि सरकारनेच पकडायची. हसायला येत असेल तर हसा, आम्ही मात्र त्यावर पोट भरत होतो.

त्या महिन्यात खंडव्याहून, आमच्या सुपरिटेंडेंट साहेबांकडून पत्र आलं होतं. 'बऱ्हाणपूर सर्कलमध्ये या तिमाहीत एकही केस नाही. कारण कळवावे.' कारण उघड होतं. एका बाजूला होळकरांची हद्द, दुसऱ्या बाजूला इच्छापूर ओलांडलं की खानदेश, म्हणजे मुंबई इलाखा, आणि मधे मी, एक जमादार, दोन शिपाई व एक सायकल. खरे चोरटे गाड्या भरून माल नेत. आमच्या रजेचे दिवस त्यांना आमच्याआधी ठाऊक असत. हे सगळं मी सभ्य भाषेत लिहून कळवलं. उत्तर आलं, 'खुलासा समाधानकारक नाही.' त्याच चिडीत मी नथ्थूवर ओरडलो होतो, "काहीतरी पकडून आण एकदाचं!"

त्याने आणलं. रविवारी, भरबाजारात, इतवारा पेठेच्या तोंडाशी. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

सील वाळत आलं तेव्हा बाई बोलली. तिचं नाव तुळसाबाई. बहादरपूरची होती आणि सीझनमध्ये शहरातल्या एका जिनिंग फॅक्टरीत, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला यायची.

"साहेब, मी काय चोरी करेल आहे का? सरकारी दुकानातून घेयेल आहे."

"चार तोळे?"

"चार तोळे माह्याच हाय का? माहा एक. बाकी तिघींचे तीन. आमची पाळी राहते. दोन-तीन महिन्यांनी एकदा, इतवारी, एकीनं यायचं आन् चौघींची घेऊन जायचं. या इतवारी माही पाळी होती. चार पुड्या होत्या, साहेब, केळीच्या पानाच्या. या भाऊनं मळून एक करून टाकल्या."

मी नथ्थूकडे पाहिलं. तो तराजू पुसू लागला.

"चार पुड्या होत्या?"

"होत्या ना, साहेब. पण चार पुड्या म्हटलं तर चार सील, चार चिठ्ठ्या, चार नमुने. लाख तर एवढीशी उरली. म्हणून मी एकच गोळा बनवला. काम साफ झालं."

"आणि पानं?"

"पानं फेकली. शेळीनं खाल्ली."

डोक्याला हात लावून बसण्यापलीकडे माझ्या हातात काही उरलं नाही. पंचनामा म्हणजे पंचांसमक्ष लिहिलेली हकिगत. एकदा सही झाली की तो बदलता येत नाही. बदलला तर तोच गुन्हा. कागदावर आता चार बायकांच्या चार पुड्या नव्हत्या, एका बाईचा एक गोळा होता. आणि एका बाईच्या एका गोळ्याला तुरुंग होता.

"त्या तिघींची नावं सांग," मी म्हटलं.

"नाही सांगत."

"अगं बाई, त्यात तुझाच फायदा आहे!"

"नावं सांगितली तं तुम्ही चौघींना बसवाल. मग चार लेकरांचं काय?"

लेकरांचा प्रश्न कुठून आला हे मला तेव्हा कळलं नाही. मग तीच म्हणाली, "साहेब, त्या गोळ्यातली तिळाएवढी देता का? पोरीला कालपासून भेटली नाही. म्हणून तं रडून राहिली."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. या बायका स्वतः अफू खातच नव्हत्या. पहाटे पोराला तिळाएवढी चारायची, जिनच्या भिंतीशी चिंधीवर निजवायचं, की ते संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत उठत नसे. जागं पोर जॉबर, म्हणजे बायकांवरचा मुकादम, आत घेऊ देत नसे. हे सगळ्या गावाला माहीत होतं. अफूच्या खात्यात काम करणाऱ्या मला ते माहीत नव्हतं, कारण आमच्या रजिस्टरात खपाचं वजन असे, खाणाऱ्याचं वय नसे.

सील तोडता येत नव्हतं. जामिनाला घरदारवाला माणूस लागे आणि तुळसाबाईचा नवरा मजुरीला भुसावळला गेला होता. तहसिलीच्या कोठडीत बायकांसाठी वेगळी खोली नव्हती. तेव्हा 'पुढील आदेशापर्यंत' तिला आमच्याच ऑफिसच्या मागच्या खोलीत ठेवायचं ठरलं. त्या खोलीची भिंत आणि माझ्या क्वार्टरची भिंत एकच होती. दुपारपर्यंत आमची मंडळी दारात येऊन उभी राहिली.

"तुमचं खातं बहिरं असेल. मी नाही," ती म्हणाली. "डॉक्टरला बोलावता की मी जाऊ?"

सरकारी दवाखान्याचे डॉक्टर आले. पोरीचे डोळे, नाडी पाहिली आणि माझ्यावरच घसरले. "एकदम तोडली तर पोर हातची जाईल. हळूहळू कमी करत न्यावी लागेल. औषध मी स्वतः येऊन देईन. तुम्ही कुणी हात लावायचा नाही." त्या दिवसापासून ते रोज सकाळी बाटली घेऊन येत आणि येताना-जाताना माझ्याकडे असे बघत की जणू ती सवय मीच लावली होती.

माझा राग आता दुकानदारावर निघाला. मगनलाल इतवाऱ्यातला लायसन्सवाला. एका गिऱ्हाइकाला एका वेळी एक तोळा, हे त्याच्या लायसन्सवर छापलेलं होतं. मी जाऊन विचारलं, "एका बाईला चार तोळे दिलेस कसे?"

"एकदम कुठे दिले, साहेब?" मगनलाल शांतपणे म्हणाला. "एक तोळा दिला. ती पायरी उतरली. पुन्हा चढली. मी दुसरा दिला. ती पुन्हा उतरली. चार बार उतरली, चार बार चढली. दर खेपेला नवं गिऱ्हाईक. आपण कायद्याच्या बाहेर जात नाही."

"आणि हे किती वर्षं चाललंय?"

"माझ्या वडिलांच्या वेळेपासून. तुमच्या आधीच्या साहेबांना ठाऊक होतं. त्यांनीच ही रीत सांगितली, असं वडील म्हणत."

म्हणजे पायरीमुळे दुकानदार सुटत होता आणि तीच बाई पायरीवरून रस्त्यावर आली की गुन्हेगार होत होती. मी घरी आलो आणि खंडव्याला लांबलचक पत्र लिहिलं. अफू सरकारी दुकानातली आहे, बाई चौघींची म्हणते, मला ते खरं वाटतं, केस मागे घेण्याची परवानगी द्यावी. दुसऱ्या दिवशीच साहेबांची तार आली. ते इन्स्पेक्शनला स्वतः येत होते. मला वाटलं, चला, कुणीतरी पत्र वाचलं.

साहेब नागपूरकडचे. कोट न काढता खुर्चीत बसले, सील पाहिलं, पंचनामा वाचला आणि खूश झाले.

"केस चांगली आहे. जमादाराला शाबासकीचं पत्र द्या. मी शिफारस पाठवली आहे."

"साहेब, माझं पत्र..."

"वाचलं. अफू तिच्याजवळ होती की नव्हती?"

"होती."

"तोळ्याहून जास्त?"

"हो, पण..."

"एका गोळ्यात?"

"गोळा आमच्या जमादाराने..."

"पंचनाम्यात काय लिहिलंय? सही कुणाची आहे?"

"माझी."

"मग तुमची अडचण नेमकी काय आहे?"

त्या क्षणी मला स्वतःच्या सहीचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचाही आला नसेल. मी काही बोलणार एवढ्यात व्हरांड्यात गलका झाला. शिपाई "थांबा, थांबा" म्हणत होता आणि तीन बायका त्याला बाजूला सारून सरळ आत आल्या. तिघींच्या कडेवर तीन मुलं होती आणि तिन्ही मुलं बोंबलत होती. मागच्या खोलीतून चौथं त्यांना साथ देऊ लागलं.

"आमची अफू द्या," त्यातली पुढची म्हणाली. हिचं नाव कासाबाई, हे नंतर कळलं.

"कुणाची अफू?" साहेब दचकून म्हणाले.

"आमची. तुळसाच्या हातून मंगावेल होती ती. तिघींचे तीन तोळे. चार दिस झाले, पोरं झोपत नाहीत, जिनातून आमाले घरी पाठवलं. दुकानवाला आता बाईमाणसाला देत नाही. म्हणतो जमादार पकडते. मंग आम्ही करायचं काय?"

तुळसाबाई दारात येऊन त्यांना खुणावत होती, गप्प बसा, गप्प बसा. त्यांना त्याचं भानही नव्हतं. पकडल्या जाऊ ही भीती त्यांना घरी कोंडून ठेवायला तीन दिवस पुरली, चौथ्या दिवशी पुरली नाही.

साहेबांनी कानावर हात ठेवले. "यांनाही अटक करा!" ते ओरडले.

"कशाबद्दल, साहेब?" मी विचारलं. "प्रत्येकीची एक तोळा. मर्यादेत आहे."

साहेब उठले. "जे काय सांगायचं ते कोर्टात सांगा. खातं केस मागे घेणार नाही. आणि तुम्ही तिथे काय बोलता ते मी लक्षात ठेवीन." दुपारच्या गाडीची वेळ व्हायला पुष्कळ अवकाश होता, पण ते स्टेशनवर जाऊन बसले.

मी डॉक्टरांना सांगितलं की आता एक नाही, चार पोरं आहेत. ते काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण आले, रोज आले.

तारीख पंधरा दिवसांनी लागली. कोर्ट म्हणजे तहसीलदार साहेबच, त्यांना मॅजिस्ट्रेटचे अधिकार होते. तिघी बायकांनी साक्ष दिली. मगनलालने पायरीची हकिगत शपथेवर सांगितली आणि कोर्टात हशा पिकला. मग तहसीलदारांनी मला उभं केलं.

"पंचनाम्यात एक गोळा लिहिला आहे. माल जप्त झाला तेव्हा तो एक गोळा होता?"

'होय' म्हटलं असतं तर माझी नोकरी सुखात चालली असती. तुळसाबाई समोर उभी होती. पोर तिच्या कडेवर होती.

"नाही, साहेब," मी म्हणालो. "चार पुड्या होत्या. जमादाराने माझ्या ऑफिसात त्या मळून एक केल्या. मी आरोपीला न विचारता सही केली."

तहसीलदारांनी लेखणी खाली ठेवली. "तुम्ही काय बोलताय हे समजतंय ना?"

"समजतंय."

तुळसाबाई सुटली. निकालाच्या शेवटी एक ओळ होती. 'माल परवाना-दुकानातील असल्याने चार समान भाग करून मूळ मालकांस परत करावा.' माझ्या सर्व्हिस बुकात शेरा पडला, 'पंचनाम्याचे कामी अक्षम्य निष्काळजीपणा.' बढतीच्या यादीतून नाव गेलं. नथ्थूच्या शाबासकीची शिफारस आधीच वर गेलेली असल्यामुळे त्याचं पत्र त्याच आठवड्यात आलं. त्याने ते काचेत मढवून घेतलं. वैतागावं तरी कुणावर?

इथे हकिगत संपायला हवी होती. खात्याच्या दृष्टीने संपलीही. पण त्या पंधरा दिवसांत मागच्या खोलीत दुसरंच काही घडलं होतं, आणि त्याचा कुठल्याच कागदावर उल्लेख नाही.

पोर जागी झाली होती. पहिले आठ दिवस किंचाळली, मग कुरकुरली, आणि बाराव्या-तेराव्या दिवशी डोळे उघडे ठेवून नुसती बघत बसली. भिंतीवरची पाल, दारातलं ऊन, नथ्थूच्या मिश्या. आमच्या मंडळींच्या बांगड्या धरून खिदळायला लागली. आमच्या घरात तिचं नाव ठकी पडलं. डॉक्टरांनी बाटली बंद केली. तुळसाबाई तासन्तास तिच्याकडे बघत बसायची. एकदा आमच्या मंडळींना म्हणाली, "हिचे डोळे एवढे मोठे हायेत, मलेच माहीत नव्हतं."

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी सील तोडलं, सुरीने गोळ्याचे चार भाग केले, तोलले आणि चौघींच्या हातात ठेवले. पावतीवर अंगठे घेतले. तुळसाबाईने आपला तोळा पदराच्या टोकाला बांधला.

"बाई, आता हिला लागत नाही ती," मी म्हणालो. "नको देऊ."

"मले का समजत नाही, साहेब?" ती म्हणाली. "पण उद्या भोंगा झाला की जिनात जायचं हाय. तिथं पट्टे फिरून राहतात. जागं लेकरू रांगत जाते. मांगच्या साली एकीचं गेलं. मंग तुम्हीच सांगा, कुठी ठेवू?"

आमची मंडळी दारातून पुढे आली. "दिवसा माझ्याकडे ठेवत जा," ती म्हणाली. "सकाळी ठेव, संध्याकाळी ने."

तुळसाबाईने तिच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मला तो चेहरा अजून दिसतो. तिने कमरेवरची पोर थोडी पुढे केली होती, अगदी थोडी.

सर्व्हिस बुकातला शेरा नुकताच पडला होता. आरोपी बाईचं मूल अबकारी अधिकाऱ्याच्या घरी, हे खंडव्याला कळलं असतं तर साहेबांना मी कोर्टात खात्याविरुद्ध का बोललो याचं कारणच मिळालं असतं. बदली झाली असती, कदाचित नोकरीही गेली असती. मी म्हणालो, "तसं करता येणार नाही. नियमात बसत नाही."

असा कुठलाही नियम नव्हता. तुळसाबाईने पोर परत नीट कडेवर घेतली, "बरं साहेब" म्हणाली आणि गेली. आमची मंडळी आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नंतर बोलली, पण ठकीचं नाव तिने घरात पुन्हा घेतलं नाही.

त्या सीझनला एकदा कामानिमित्त त्या जिनमध्ये जावं लागलं. आत पट्ट्यांचा धडधडाट होता आणि भिंतीलगत पोरांची ओळ निजली होती. कापसाच्या तुसापासून बचाव म्हणून प्रत्येकाच्या तोंडावर फडकं टाकलेलं होतं. मी ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलो. एकही हलत नव्हतं. त्यांतली ठकी कोणती, ते मला ओळखता आलं नाही.

पुढे माझ्या हाताखाली बरेच नवे सब-इन्स्पेक्टर शिकले. प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी एकच सांगत असे, आरोपीला विचारल्याशिवाय पंचनाम्यावर सही करू नका. दुसरंही एक सांगण्यासारखं होतं. पण ते मी स्वतः केलं नव्हतं, म्हणून कधी सांगितलं नाही.